भिंतीपलीकडची कवळी

दातवाल्यांच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता, आणि पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तेच होतं. घर भाड्याचं. करारात घरमालकाने बाकी फारसं काही लिहिलं नव्हतं, पण भिंतीत खिळा ठोकायचा नाही हे मात्र ठळक अक्षरांत लिहून खाली रेघ ओढली होती. त्यामुळे घड्याळ फ्रिजवर टेकवलेलं, लग्नाचा फोटो कपाटावर आडवा पडलेला आणि आरसा एका खुर्चीवर बसवलेला. पाहुणे आले की आधी आरशाला उठवावं लागे. दातवाल्यांच्या बायकोने हे वर्षानुवर्षं सोसलं. पुढे घरमालकाने घर विकायला काढलं आणि पहिला हक्क तुमचा, पण लवकर सांगा, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे असं कळवलं, तेव्हा तिने खोल्या मोजल्या नाहीत की भाव काढला नाही. ती एवढंच म्हणाली, "अहो, घेऊया. मला त्या भिंतीत एक खिळा ठोकायचाय."

दातवाले म्हणजे दात काढणारे नव्हेत. हा खुलासा त्यांना जन्मभर करावा लागला, तो इथेही करायला हवा. दात काढतो तो डॉक्टर. त्याच्या पाटीवर पदव्या असतात, त्याच्याकडची खुर्ची वरखाली होते. दातवाले कवळ्या बनवत. डॉक्टरांकडून तोंडाचं माप येई, त्यावरून दातवाले आतल्या खोलीत प्लास्टरचा जबडा ओतत, मेणात एकेक दात बसवत, गुलाबी हिरडी चढवत आणि सगळी कवळी मोटरवर घासूनपुसून परत पाठवत. प्रत्येक जबड्याची एक नक्कल ते फळीवर जपून ठेवत. त्या खोलीत छतापर्यंत जबडेच जबडे होते, आणि विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस आत पाऊल न टाकता आकडा अंदाजाने लिहून जाई.

आता कारागीर म्हटला की त्याची एखादी खोड असतेच. सगळे दात एका ओळीत बसवले की ते खोटे दिसतात, असं दातवाल्यांचं मत होतं. म्हणून प्रत्येक कवळीत ते डावा सुळा किंचित तिरका बसवत. रस्त्यात कुणी हसलं की त्यांना आपलं काम लगेच ओळखू येई. मग ते मनातल्या मनात त्या दातांना नमस्कार करून पुढे जात. ओळख मात्र कधी दाखवत नसत, कारण दातवाल्यांचा दुसरा सिद्धांत असा होता, की कवळी अर्धी मापावर बसते आणि अर्धी विश्वासावर. ज्याच्या तोंडात आहे त्याला ती स्वतःची वाटली पाहिजे.

असा हा अर्धं गाव चावतं ठेवणारा माणूस कर्जासाठी बँकेत गेला आणि पहिल्याच रकान्यात अडकला. कर्जवाले साहेब वयाने लहान, स्वभावाने गोड आणि सर्दीने बेजार होते. त्यांनी पगाराची चिठ्ठी मागितली. दातवाले म्हणाले, पगार नाही, स्वतःचा धंदा आहे. आयकराचे कागद सगळे बरोबर आहेत, हे बघा. साहेबांनी कागद पाहिले, वाखाणले आणि बाजूला ठेवले. कागद उत्तमच आहेत, पण तो रकाना भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नाही, असं ते म्हणाले. पगार नाही तर निदान मालकाचं पत्र हवं.

"मालक मीच आहे," दातवाले म्हणाले.

साहेबांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, नाक पुसलं आणि म्हणाले, "मग तुमचंच आणा."

दातवाले घरी येऊन पत्र लिहायला बसले. खरं सांगायचं तर त्यांना ते काम आवडलं. आयुष्यात त्यांच्याबद्दल कुणी चार बरे शब्द लिहिले नव्हते, आता संधी आली होती. "सदर गृहस्थ आमच्याकडे अनेक वर्षे कामास असून त्यांच्या हातात कला आहे. वेळेवर येतात. वर्तन उत्तम." बायकोने वाचून 'वेळेवर येतात' खोडायला लावलं. उरलेलं पत्र बँकेत गेलं आणि तिसऱ्या टेबलावरून परत आलं. त्यावर लाल शाईत शेरा होता, की मालकाची आणि नोकराची सही एकाच हाताची दिसत असून प्रकार संशयास्पद आहे. दातवाल्यांच्या नाकाला मिरची झोंबली. सही एकाच हाताची आहे म्हणूनच तर पत्र खरं आहे, हे त्यांनी सर्दीवाल्या साहेबांना परोपरीने समजावलं. साहेबांना ते पटलंही, पण शेरा तिसऱ्या टेबलाचा होता. त्यांनी दुसरा मार्ग सुचवला. निदान गिऱ्हाइकांची पत्रं आणा, की हे काम करतात आणि आम्ही घेतो.

गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टर. त्यातले सगळ्यात मोठे डॉक्टर दातवाल्यांना घरच्यासारखे. त्यांनी चहा मागवला, चौकशी केली आणि पत्राचं नाव काढताच चहा गार होऊ दिला. अडचण अशी होती, की कवळ्या परदेशी कंपनीकडून येतात असं ते सगळ्या पेशंटना सांगत असत. डॉक्टर खजील होऊन म्हणाले, अहो, परदेशी म्हटलं की माणूस कवळी चार दिवस जास्त सोसतो. इथली म्हटलं की दुसऱ्या दिवशी टोचायला लागते. तुम्ही माझा उजवा हात आहात, पण उजव्या हाताची पाटी कुणी दारावर लावत नाही. दातवाल्यांना राग यायला हवा होता. पण हा तर त्यांचाच विश्वासाचा सिद्धांत होता, आणि आपल्याच सिद्धांतावर रागावता येत नाही. ते उरलेला चहा पिऊन परत आले. बाकीच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त काहींनी चहा दिला नाही.

एव्हाना ही बातमी सगळ्या इमारतीत झाली होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क अशा वेळी घरी थांबूच शकत नसत. उभी हयात फायलींत गेलेली, त्यामुळे सरकारी कामात त्यांचा सल्ला सगळे घेत आणि बहुतेक पस्तावत. ते खुर्चीवरचा आरसा उचलून मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, की बँकेला कागद नको असतो, देखावा हवा असतो. आता त्यांच्या पडताळणीवाल्या बाई धंदा बघायला येतील. त्यांना काय दिसलं पाहिजे? गर्दी. दुकानात गर्दी दिसली की कर्ज मंजूर. गर्दीचं माझ्याकडे लागलं, तुम्ही फक्त चहा बघा.

दातवाल्यांच्या बायकोने तेव्हाच नवऱ्याला खूण केली होती. पण दातवाले त्या दिवसांत इतके हताश झाले होते, की कुणी त्यांना डोक्यावर उभं राहायला सांगितलं असतं तर त्यांनी चप्पल कुठे काढू एवढंच विचारलं असतं.

पडताळणीवाल्या बाई आल्या तेव्हा बाहेरच्या खोलीत ओळीने माणसं बसली होती. हेडक्लार्कनी गालाला मफलर बांधला होता. शेजारी त्यांची मेहुणी गालावर हात धरून मंद कण्हत होती. तिच्या पलीकडे व्यायामशाळेत जाणारा त्यांचा पुतण्या, पोलादासारख्या दातांवर बोट ठेवून, तोंड वाकडं करून बसला होता. दातवाले आतून बाहेर आले आणि ते दृश्य पाहून त्यांचीच दातखीळ बसली. बाई शांत स्वभावाच्या, चष्म्याआडून सगळं टिपणाऱ्या. त्यांनी हेडक्लार्कना आदराने विचारलं, आपलं काय दुखतंय?

"अक्कलदाढ," हेडक्लार्क कण्हत म्हणाले.

"ती इथे काढतात?"

"हो तर, एका झटक्यात. कळतसुद्धा नाही. यांच्या हातासारखा हात नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. दातवाले घाईघाईने म्हणाले, की मी दात काढत नाही. बाई म्हणाल्या, बरं. त्यांनी तेही लिहून घेतलं, पण खाली लिहिलं. मग आतल्या खोलीत डोकावून त्यांनी छतापर्यंतचे जबडे पाहिले आणि चहा न घेताच गेल्या. पाठोपाठ बँकेचा निरोप आला, की अर्जदार परवान्यावाचून घरात पेशंटवर उपचार करतो असा संशय आहे. इथे फक्त कारखान्याचं काम चालतं, पेशंट येत नाहीत आणि या कामाला रहिवाशांची हरकत नाही, असं इमारतीच्या अध्यक्षांचं पत्र असेल तरच अर्ज जिवंत राहील. बाई पुन्हा येऊन अध्यक्षांशी समक्ष बोलतील. हेडक्लार्क म्हणाले, बघा, फाईल हलली की नाही. दातवाल्यांच्या बायकोने त्या दिवसापासून त्यांना चहा देणं बंद केलं.

अध्यक्ष म्हटल्यावर मात्र दातवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्ष शेजारीच राहत. जबड्यांच्या खोलीची भिंत आणि त्यांच्या निजायच्या खोलीची भिंत एकच. दुपारी मोटर सुरू झाली की पलीकडून काठीचे ठोके पडत. वयाने मोठे, एकटे, अंगाने ताठ. बायको गेलेली. गेली काही वर्षं घराबाहेर पडताना इस्त्रीचे कपडे आणि तोंडभर हसू याशिवाय ते कुणाला दिसले नव्हते. मोटरच्या आवाजाविरुद्ध त्यांनी समितीकडे लेखी तक्रार दिली होती आणि समितीचे अध्यक्ष म्हणून स्वतःच ती दाखल करून घेतली होती.

आणि अध्यक्षांच्या तोंडात कवळी होती. ते ती लपवत नसत, मिरवत. परदेशी कंपनीची आहे, असं सांगून अक्रोड फोडून दाखवत. दातवाल्यांनी ती पहिल्यांदा जिन्यात पाहिली, तेव्हा डावा सुळा किंचित तिरका होता.

हे त्यांनी जगात फक्त बायकोला सांगितलं होतं. एवढंच नव्हे, तर ती लेखी तक्रार ज्या आठवड्यात आली तो आठवडाही त्यांना आठवत होता. तेव्हा अध्यक्ष तोंडाला रुमाल लावून दारात आले होते आणि हातवारे करून आवाज बंद करायला सांगत होते. दातवाल्यांनी माफी मागितली, पण मोटर बंद केली नाही. मोटरवरच्या कवळीचं काम आणखी लांबवता येणार नव्हतं, आणि ती अध्यक्षांचीच होती हे त्यांना मागाहून कळलं.

पत्र मागायला नवरा-बायको दोघंही गेले. अध्यक्षांनी बसवून घेतलं, ताटलीत अक्रोड ठेवले आणि सविस्तर नकार दिला. माणूस म्हणून तुम्ही सज्जन, पण त्या खर्रखर्रने माझ्या डोक्याचा भुगा होतो. आणि काम म्हणावं तर, वाईट वाटून घेऊ नका, पण कामाकामात फरक असतो. हे बघा. असं म्हणून त्यांनी एक अक्रोड तोंडात टाकून फोडला. "ही परदेशी चीज. तुमच्या त्या खोलीत हे जमायचं नाही."

दातवाले त्या सुळ्याकडे बघत राहिले. बायकोने श्वास घेतला तेव्हा त्यांनी पटकन तिच्या हातावर हात ठेवला. दार लागल्यावर ती जिन्यातच म्हणाली, "तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. एका वाक्यात घर आपलं होईल."

"आणि त्यांची कवळी टोचायला लागेल," दातवाले म्हणाले.

"माझं घर जातंय, आणि तुम्हाला त्यांच्या हिरड्यांची पडलीय?"

 दातवाल्यांना एवढंच कळत होतं, की बायको गेल्यावर त्या माणसाने जेवण सोडलं होतं, खंगला होता, आणि परदेशी दात म्हणून तो पुन्हा हसायला लागला. ते हसू त्यांनी स्वतःच्या हाताने घासून तयार केलं होतं. ते मोडून घर घ्यायचं त्यांच्या जिवावर येत होतं.  रात्री बायकोने फ्रिजवरचं घड्याळ पुसलं आणि पुन्हा तिथेच टेकवून ठेवलं.

बाई पुन्हा यायच्या त्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात अध्यक्ष, अंगात बनियन, तोंडावर रुमाल. त्यांनी मूठ उघडून पुढे केली. कवळी मधोमध फुटून दोन तुकडे झाले होते. धुताना हातातून निसटून बेसिनवर आपटली, हे त्यांनी दातांशिवाय सांगितलं आणि दातवाल्यांना ते अंदाजाने समजलं. त्यांचे डॉक्टर सुट्टीवर गेले होते. परदेशातून नवीन यायला किती दिवस लागतील कोण जाणे, असं म्हणताना त्या ताठ माणसाची मान खाली गेली. तात्पुरतं काही चिकटवून देता का, असं त्यांनी विचारलं.

बायको आतून बघत होती. तिला बोलायला यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती. तिने अध्यक्षांना खुर्ची दिली, त्यासाठी आरशाला उठवलं, आणि गप्प राहिली.

दातवाले तुकडे घेऊन आत गेले, अध्यक्ष मागोमाग. आता कवळी जोडायची तर तुकडे ज्याच्या त्याच्या जबड्यावर बसवावे लागतात. सावध माणसाने पुन्हा माप घ्यायचं नाटक केलं असतं. पण फुटलेलं काम हातात आलं की दातवाले सावध वगैरे काही राहत नसत. त्यांनी न बघता वरच्या फळीवर हात घातला, शेकडो जबड्यांतून एक काढला आणि दोन्ही तुकडे त्यावर ठेवले. ते ताटावर झाकण बसावं तसे बसले. मग त्यांना आपण काय केलं ते कळलं.

अध्यक्ष त्या जबड्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, हा कुणाचा?

दातवाल्यांनी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण मोठ्या माणसासमोर त्यांना ते कधीच जमलं नव्हतं. "तुमचा," ते म्हणाले.

 दातवाल्यांनी मोटर सुरू केली, कारण काहीतरी सुरू करणं भाग होतं. अध्यक्ष स्टुलावर बसून तो आवाज ऐकत राहिले. आजवर त्यांनी तो भिंतीच्या दुसऱ्या बाजूनेच ऐकला होता.

आणि नेमक्या तेव्हा पडताळणीवाल्या बाई आल्या. दातवाल्यांची बायको त्यांना बाहेर थोपवू बघत होती, पण आवाजाच्या रोखाने बाई थेट आतल्या दारात. समोर बनियनवर बसलेला दात नसलेला म्हातारा आणि त्याच्यापुढे फिरतं यंत्र हातात घेतलेले दातवाले. यापेक्षा वाईट देखावा हेडक्लार्कनाही उभा करता आला नसता. बाईंनी चष्मा नीट केला आणि वही उघडली. दातवाल्यांना वाटलं, संपलं. बायकोने डोळे मिटून घेतले.

अध्यक्षांनी बाईंना हाताने थांबवलं. मग दातवाल्यांकडे हात पसरला. दातवाल्यांनी कवळीवरून शेवटचा हात फिरवला, पाण्यात बुडवली आणि दिली. अध्यक्षांनी भिंतीकडे तोंड करून ती बसवली, दोनदा चावून पाहिली आणि वळले. बनियनमध्ये माणूस किती ताठ उभा राहू शकतो, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

"मी पेशंट नाही. मी या इमारतीचा अध्यक्ष. तुम्हाला माझ्याशीच बोलायचं होतं ना? लिहून घ्या," ते म्हणाले. "हे दात परदेशी कंपनीचे आहेत असं मी सगळ्या इमारतीला सांगत आलो. ती कंपनी ही. या खोलीत. आणि या यंत्राच्या आवाजाविरुद्ध एक तक्रार आहे. ती माझी. मी भिंतीवर काठी आपटत होतो, आणि इकडे माझेच दात तयार होत होते."

बाई लिहायच्या थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, मग तुमची हरकत?

"हरकत आहे," अध्यक्ष म्हणाले. "यांनी हे घर सोडून जायला माझी हरकत आहे. पुन्हा फुटली तर मी कुठे जाऊ?"

मग मात्र ते दातवाल्यांकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला एवढी वर्षं माहीत होतं. माझ्याकडे अक्रोड खायला आलात तेव्हासुद्धा." दातवाल्यांनी मान हलवली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, आणि दातवाल्यांचेही. बाईंनी बराच वेळ जबड्यांच्या फळ्या पाहण्यात घालवला. या वेळी त्यांनी चहा घेतला.

कर्ज लगेच मंजूर झालं असं नाही. अध्यक्षांचं पत्र बँकेत गेलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं, की सदर व्यवसायाचा मी स्वतः दोन्ही वेळच्या जेवणाला अनुभव घेतो. तिसऱ्या टेबलाने 'अनुभव' या शब्दाखाली लाल रेघ मारली, पण शेरा लिहिला नाही. रकान्यात शेवटी काय भरलं ते सर्दीवाल्या साहेबांनाच ठाऊक. हेडक्लार्क मात्र आजही सांगतात, की फाईल हलली ती त्यांच्या मफलरने.

घर नावावर झालं त्या दुपारी बायकोने हातोडी घेतली. दातवाल्यांनी खिळा धरायला पुढे केलेला हात तिने बाजूला सारला. हा खिळा तिचा होता. जागा तिने केव्हापासून ठरवलेली, आतल्या खोलीच्या दाराशेजारी, अध्यक्षांच्या भिंतीवर. पहिला घाव पडला आणि पलीकडून काठीचे दोन ठोके आले. वर्षानुवर्षांच्या सवयीने दोघंही जागच्या जागी गोठली.

"थांबू नका," भिंतीतून आवाज आला. "ठोका. आता तुमच्याकडचा आवाज थांबला की माझी झोप मोडते."

ती हसत सुटली आणि त्या हसण्यात तिने खिळा आत घातला. घड्याळ टांगल्यावर दिसलं, की खिळा डावीकडे किंचित तिरका गेलाय. काढून पुन्हा ठोकूया, ती म्हणाली.

दातवाले दोन पावलं मागे झाले, डोळे बारीक करून बघत राहिले.

"राहू दे," ते म्हणाले. "अगदी सरळ असलं की खोटं वाटतं."